सही करण्याआधी ताईचं थोडं ऐक

अगं, आई म्हणाली, तू कराटेचा क्लास लावायलीस. गारखेड्यातच, घराजवळ, संध्याकाळचा. वीस-पंचवीस मुलंमुली, एक सर, हाताखाली दोन सीनियर. ऐकून फार बरं वाटलं. पाठोपाठ तुझा प्रश्नही कळला: सरांनी नियमांचा एवढा मोठा कागद दिलाय, खाली तुझी आणि बाबांची सही हवी, चार किक शिकायच्या तर एवढी बंधनं कशाला? त्यातले बहुतेक नियम तू मनापासून पाळावेस असं मला वाटतं. पण सगळे नाहीत. आणि कुठले नाहीत, हे ओळखण्याइतकी तू आता मोठी झालीयेस.

छोट्या क्लासला कडक नियम असणं ही काही तुझ्या सरांची लहर नव्हे. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोतल्या एका देवळात ज्युदो शिकवायला सुरुवात केली, तेव्हा ते स्वतः जेमतेम एकवीस वर्षांचे होते. जागा बारा ताताम्यांची, म्हणजे साधारण आपल्या हॉलएवढी, आणि पहिल्या वर्षी विद्यार्थी नऊ. तीच संस्था पुढे कोदोकान म्हणून जगभर गाजली. तिथं सुरुवातीच्या काळात येणाऱ्याला शपथ लिहून द्यावी लागे, की सबळ कारणाशिवाय शिकणं मध्येच सोडणार नाही, संस्थेला कमीपणा येईल असं वागणार नाही, परवानगीशिवाय दुसऱ्याला शिकवणार नाही. आपल्याकडच्या तालमींतही वेगळं काय होतं? चपला बाहेर, मारुतीला नमस्कार, वस्तादांचा शब्द अखेरचा. जिथं समोरच्याच्या तोंडापर्यंत मूठ नेणं हाच अभ्यास असतो, तिथं आधी एकमेकांचा भरवसा लागतो. तो भरवसा रोज नव्यानं कमवत बसायला वेळ नसतो, म्हणून नियम असतात.

नखांचंच घे. कागदावर लिहिलंय ना, हातापायाची नखं दर आठवड्याला कापावीत? तुला ते शाळेतल्या तपासणीसारखं वाटलं असेल. पण कुमितेत, म्हणजे जोडीदारासोबत लढताना, हात वेगानं चेहऱ्याजवळून जातो आणि वाढलेल्या नखाची कड डोळ्याखाली लागली की रक्त यायला क्षणही लागत नाही. पायाची नखं तर त्याहून वाईट, कारण ती पोटरीवर ओरखडे काढतात आणि शेजारणीला कळतही नाही कुणामुळे लागलं. कानातले, अंगठी, पैंजण, हातातलं कडं, सगळं घरी ठेवून जा. कानातल्यावर टेप लावून चालतं असं एखादी सांगेल; तू तसं करू नकोस, काढूनच ठेव. केसांना कापडी रबर बांध, क्लिप आणि पिना नकोत, कारण खाली पडलीस की पिन डोक्यात घुसते.

ड्रेस धुण्यावरून तू कुरकुर करणार, हे मला आत्ताच दिसायलंय. आपल्या शहरात नळ कित्येक दिवसांआड येतो, त्यात घामानं भिजलेला जाड पांढरा ड्रेस दर वेळी धुवायचा म्हणजे आईचीही कटकट. त्यावर उपाय आहे. घरी आल्या आल्या तो बॅगेत कोंबून ठेवू नकोस, आधी वारा लागेल असा टांग. मग कपडे धुऊन झाल्यावर उरलेल्या साबणाच्या पाण्यातून काढ आणि एका बादलीत खळबळून घे. जमलं तर दुसरा साधा ड्रेस घे, महागडा नको. पण न धुतलेला घालून मॅटवर जाऊ नकोस. गजकर्ण अशाच ठिकाणी एकीकडून दुसरीकडे जातो, आणि एकदा क्लासात शिरला की महिनोन् महिने हटत नाही. अंगावर लाल गोल चट्टा दिसला तर सरांना सांग, डॉक्टरांना दाखव आणि बरं होईपर्यंत मॅटवर उतरू नकोस. यात लाजण्यासारखं काही नाही.

पाळीबद्दल कागदावर काहीच नसेल, म्हणून मी सांगते. त्या दिवसांत जायचंच नाही असं काही नाही. बरं वाटत असेल तर जा, दुखत असेल तर जाऊ नकोस. ड्रेस पांढरा असल्यामुळे मुली धास्तावतात, म्हणून आत काळी सायकलिंग शॉर्ट्स घालायची सवय कायमचीच लाव. आणि सीनियर मुलींपैकी एकीला मोकळेपणानं सांगून ठेव, म्हणजे "आज मी हलकं करते" एवढं म्हटलं की तिला कळेल.

आता नमस्कार. आत जाताना वाकायचं, जोडीदाराला वाकायचं, सरांना "ओस" म्हणायचं, उशीर झाला तर दाराशी गुडघ्यावर बसून सरांनी मान हलवेपर्यंत थांबायचं. हे सगळं तू कर आणि मनापासून कर. ओकिनावातून कराटे टोकियोत नेणाऱ्या फुनाकोशींनी वीस सूत्रं सांगितली, त्यातलं पहिलंच नमस्काराबद्दल आहे. सुरुवातही नमस्कारानं करायची आणि शेवटही. समोरच्यानं आपलं शरीर आपल्या हवाली केलंय, याची ती जाणीव असते.

पण नमस्कार करणारीनं नियमाबद्दल विचारूच नये, असं मात्र कुणी शिकवायला लागलं तर मला केइको फुकुदा आठवतात. कानोंच्या हाताखाली शिकलेल्या या बाई 1953 मध्ये पाचव्या दानपर्यंत, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पाचव्या पायरीपर्यंत, पोचल्या आणि तिथंच थांबल्या, कारण बायकांना त्यापुढे बढती द्यायचीच नाही असा कोदोकानचा नियम होता. जवळजवळ वीस वर्षं त्या पाचव्याच दानवर राहिल्या. त्यांचं शिकवणं थांबलं नाही आणि संस्थेबद्दलचा आदरही सुटला नाही, पण तो नियम चुकीचा आहे असं म्हणणारी माणसं उभी राहिली आणि अखेर 1972 मध्ये त्यांना सहावा दान मिळाला. 2006 मध्ये कोदोकाननं नववा दिला आणि 2011 मध्ये अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेनं दहावा, तेव्हा त्यांचं वय होतं 98. इतक्या जुन्या, नावाजलेल्या संस्थेचा नियमही चुकू शकतो. मग गल्लीतल्या क्लासचा का चुकणार नाही?

म्हणून पैशाबद्दल बाबांना आधीच विचारायला सांग. महिन्याची फी किती, पावती मिळते का, बेल्ट परीक्षेची फी वेगळी आहे का, ती वर्षातून किती वेळा होते, ड्रेस आणि ग्लोव्हज सरांकडूनच घ्यायची सक्ती आहे का. चांगले सर या प्रश्नांनी रागावत नाहीत. वर्षभरात ब्लॅक बेल्टची हमी कुणी दिली तर तिथून परत फिर. त्याला वर्षं लागतात, आणि लागावीत. ऑलिंपिकचं स्वप्न कुणी विकत असेल तर तेही तपासून बघ. ज्युदो 1964 मध्ये पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं आणि आजही आहे, तायक्वांदोला 2000 पासून पदकं मिळतात, पण कराटे फक्त टोकियोत झालं आणि पॅरिसला नव्हतं. स्पर्धेचं प्रमाणपत्र दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी किंवा नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी चालतं का, हे ते देणारी संघटना आणि स्पर्धा कुठली यावर ठरतं. ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारायचं, क्लासातल्या मुलांच्या सांगण्यावर विसंबायचं नाही. तरी एक सांगते, तू गुणांसाठी जाऊ नकोस. त्यासाठी गेलेल्या मुली प्रमाणपत्र मिळालं की थांबतात.

मार लागण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण मनात असणारच. मांडीवर निळं पडणं, नडगी दुखणं हे होतं. डोक्याला फटका बसला आणि गरगरलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, मळमळलं, तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर उतरायचं नाही. सर म्हणाले "काही नाही, उठ", तरी नाही. उलटी झाली किंवा डोकं दुखायचं थांबेना तर रिक्षा करून थेट घाटी हॉस्पिटलात. माउथगार्ड पहिल्या कुमितेच्या आधी घे, नंतर नको. आणि वजन उतरवण्यासाठी दोन दिवस पाणी सोडायला कुणी सांगितलं, तर सरळ नाही म्हण. वाढत्या वयातल्या मुलीनं खालच्या वजनगटात बसण्यासाठी तहानेनं तळमळावं, असं कुठलंच पदक नाही. आपल्या उन्हाळ्यात तर अजिबात नाही.

आता जे सांगते, ते दोनदा वाच.

स्टान्स सुधारताना सरांना खांदा, कोपर, गुडघा धरून दाखवावं लागतं. ते ठीक आहे. जाणते सर आधी "हात लावतो" म्हणतात, सगळ्यांसमोर करतात, किंवा सीनियर मुलीला करायला सांगतात. पण तुला एकटीला वेगळं थांबवणं, दार लावून शिकवणं, रात्री उशिरा खासगी मेसेज, "घरी सांगू नकोस, त्यांना यातलं कळणार नाही" अशी भाषा, यातलं काहीही कुठल्याही बेल्टच्या, कुठल्याही पदकाच्या माणसाकडून झालं तरी ती शिस्त नव्हे. पालकांनी आत बसू नये असा नियम असला तर बाबांना विचारायला सांग, की दाराशी उभं राहून केव्हाही बघता येईल का. येत नसेल तर सहीच करायची नाही. बाहेरगावच्या स्पर्धेला जाताना सोबत बाई आहेत का, मुलींची खोली वेगळी आहे का, हे पैसे भरायच्या आधी कळायला हवं. तू अजून अठराची नाहीस. 2012 चा पॉक्सो कायदा तुझ्यासाठीच आहे, आणि शिकवणाऱ्यानं, विश्वासातल्या माणसानं केलेला गुन्हा तो जास्त गंभीर धरतो. ज्याला असं काही कळलं त्यानं ते पोलिसांना कळवणं त्यात बंधनकारक आहे. 1098 हा मुलांसाठीचा नंबर पाठ कर. आणि त्याच्याही आधी मला फोन कर, रात्रीचे कितीही वाजलेले असोत. मी "तू तिथं गेलीसच का" असं कधीच विचारणार नाही.

बाहेर कुणावर हात उचलायचा नाही, हा नियम बहुतेक तुला सगळ्यात खटकेल. फुनाकोशींचं आणखी एक सूत्र पहिला वार आपण न करण्याबद्दलच आहे. कॉलेजात कुणी चिडवलं, मैत्रिणीचं कुणाशी वाजलं, तर तिथं किक दाखवायला जायचं नाही. पण तुझ्या अंगावर कुणी आलं तर ती गोष्ट वेगळी. स्वतःच्या बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेनं दिलेला आहे, गरजेपुरता. त्यातही पहिली निवड पळून जाण्याची आणि ओरडण्याची, मग 112. क्लासात मोठ्यानं ओरडून पंच मारायला लावतात ना, त्या आवाजाचा बाहेर मुठीपेक्षा जास्त उपयोग होतो. मुली लाजून तिथं पुटपुटतात. तू पुटपुटू नकोस.

पुढच्या वर्षी बारावी आहे, क्लास चुकेल, कदाचित तीन-चार महिने बंदही ठेवावा लागेल. तेव्हा न सांगता गायब होऊ नकोस. सरांना स्वतः भेटून सांग, परत कधी येणार तेही सांग. छोट्या क्लासात एक मुलगी कमी झाली तरी जोड्या विस्कटतात, आणि सर रोज दाराकडे बघत असतात.

सोमवारी सुरू करतेस ना? बुधवारी जिना उतरताना मांड्या अशा भरून येतील की कठडा धरावा लागेल. त्या दिवशी घरी बसू नकोस. जा, हळू कर, सरांना सांगून कर, पण जा.