मोबदला घेताना कोणतं क्रियापद लिहाल?

आमच्या धाराशिव जिल्ह्यात तलावात, कालव्यात नाहीतर रस्त्यात जमीन गेलेली घरं गावोगाव आहेत. भावकीतल्या एकाचं रान असंच साठवण तलावात गेलं. निवाड्यातली रक्कम कमी वाटत होती, पण घरात लग्न निघालेलं, पैसा तर हवाच. रक्कम मिळाल्याचं पत्र कॉलेजातल्या पोराने इंग्रजीत लिहिलं. 'रिसीव्ह' फारच साधा वाटला म्हणून त्याने वजनदार 'अ‍ॅक्सेप्ट' घातला. नक्कल मला दाखवली तेव्हा पत्र देऊन झालं होतं.

"काका, दोन्हीचा अर्थ घेणंच की!"

घेणंच. पण 'रिसीव्ह' म्हणजे पैसे हातात पडले, एवढंच. 'अ‍ॅक्सेप्ट' म्हणजे ते मान्यही झाले. 2013च्या भूसंपादन कायद्याचं कलम 64 हा फरक चोख पाळतं. वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता येतो तो निवाडा 'अ‍ॅक्सेप्ट' न केलेल्याला. कलम 77 रक्कम 'रिसीव्ह' करू देतं, पण 'अंडर प्रोटेस्ट', म्हणजे हरकत नोंदवून. तशी न नोंदवता उचलली, तर कलम 64 खाली अर्जच करता येत नाही. तेव्हा नुसतं 'रिसीव्ह' लिहूनही भागत नाही. पुढे वाढीव मोबदल्याच्या वेळी समोरच्या वकिलाने नेमकं त्या पत्रावर बोट ठेवलं.

मुळात हे पत्र इंग्रजीत लिहायची गरजच काय? 1964च्या राजभाषा अधिनियमाने राज्याच्या कारभाराची भाषा मराठी केली आहे. 'रक्कम अपुरी असल्याची हरकत राखून घेत आहे' एवढं सरळ लिहावं. मात्र 'स्वीकारली', 'मान्य' हे शब्द मराठीतही जपूनच. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर अर्जाची मूळ मुदत सहा आठवड्यांची, हेही ध्यानात ठेवा.

इंग्रजीच लिहायची वेळ आली तर एका शब्दाला एक अर्थ देणाऱ्या कोशावर विसंबू नका. हॉर्नबी यांच्या ऑक्सफर्ड कोशासारखा, वाक्यांची उदाहरणं देणारा कोश उघडा आणि क्रियापदापुढे काय येतं ते बघा. 'नाकारणे' घ्या. एखाद्याने पंचनामा करायला नकार दिला तर तिथे 'रिफ्यूज' हवं. आपल्यावरचा आरोप खोटा म्हणाला तर 'डिनाय'. हे दोन शब्द तक्रारअर्जात उलटे पडलेले मी बरेचदा पाहिलेत, तेही पदवीधरांकडून. सही करण्याआधी मसुदा वकिलाला दाखवा, आणि दिलेल्या पत्राची शिक्क्यासह पोच मागून घ्या.