घाम येतोय, तरीही उष्माघात होऊ शकतो

मे महिन्यात सोलापुरातून राजगड-तोरणा किंवा हरिश्चंद्रगडाला निघालेली तरुण मुलं 'आम्हाला ४२ डिग्रीची सवय आहे' असं म्हणतात, तेव्हा मला काळजी वाटते.

ही सवय कोरड्या उन्हाची आहे, तीही बहुतेक वेळ सावलीत काढलेली. आपल्याकडे घाम पटकन वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर हवा दमट होते. घाम नुसता निथळतो, अंग काही गार होत नाही. चढणीवर पायांचे स्नायू स्वतःच उष्णता तयार करत असतात आणि पाठीवर ओझं असतं. आपल्या शेतातली काळी माती ज्या लाव्ह्याच्या खडकातून झाली, तोच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा कातळ तिथे उघडा तापतो. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या घळीत दोन्ही अंगांनी कातळ आणि वारा पडलेला. असा ३४ डिग्रीचा दिवस सोलापूरच्या ४२ पेक्षा जड जाऊ शकतो.

उष्माघातात शरीराचं आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि मेंदू बिघडू लागतो. सोबती असंबद्ध बोलतो, उगाच चिडतो, त्याचा तोल जातो. कातडी कोरडी पडण्याची वाट पाहू नका. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने चिंब असू शकतो. त्याला सावलीत आडवं करा, जवळचं पाणी अंगावर ओता, सगळ्यांनी मिळून वारा घाला. मान, काखा, जांघा ओल्या फडक्याने पुसत राहा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. १०८ ला फोन लावा, पण आधी अंग गार करा, मग खाली उतरवा. इथली मिनिटं जीव वाचवतात. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

पाणी पिण्यात उलट टोकाची चूकही होते. तहान नसताना लिटरच्या लिटर साधं पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम घसरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं. म्हणून तहानेप्रमाणे प्या, लांबच्या वाटेवर ओआरएस ठेवा आणि पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ते मिसळा. आपली कडक भाकरी आणि शेंगा चटणी तर डब्यात हवीच. टिकते, पोट भरते आणि मीठही देते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र मीठ आणि ओआरएसबद्दल आधी डॉक्टरांशी बोला.

निघण्याआधी दहा-चौदा दिवस सकाळच्या उन्हात रोज चालण्याचा वेळ थोडा थोडा वाढवा. जिने चढा, पण उतरण्याचा सराव जास्त करा. मांड्या उतारावरच जास्त दुखावतात. त्या दुखल्या म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका. पाणी कमी पडलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. परतल्यावर लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.