१५ वर्षांची सफारी : आधी ब्रेक, मग पासिंग

प्रश्न : माझी २०११ची टाटा सफारी आहे. चाकणहून भोसरीला येताना सिग्नलला ब्रेक दाबून धरला की पेडल हळूहळू खाली जातं. ऑइल कुठेच गळत नाही. गाडी चालवू का? – एक वाचक, मोशी

उत्तर : अजिबात नको, टो करूनच गॅरेजला न्या. बाहेर गळती नसताना पेडल खाली बसतं, तेव्हा बहुधा मास्टर सिलिंडरमधलं रबरी सील झिजलेलं असतं. सिलिंडर बदला, नवं ब्रेक ऑइल भरून एअर काढून घ्या. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. दर २ वर्षांनी बदलावं. टायरवरचा चार आकडी शिक्काही पाहा : ‘२३१४’ म्हणजे २०१४चा २३वा आठवडा. इतका जुना टायर नक्षी शाबूत असली तरी काढाच. १५ वर्षांनंतर आरटीओत पासिंग करावंच लागतं. ब्रेकचं काम मात्र त्या तारखेवर ढकलू नका.