घटक 5 : जीव, मन आणि धसका – मानसिक आरोग्य व समाजकार्यातील भाषेचा प्रश्न

5.1 प्रास्ताविक

बोली आणि प्रमाणभाषा यांच्या संबंधाची एक गंभीर बाजू या घटकात पाहावयाची आहे. मनाने खचलेला माणूस ज्या भाषेत दुःख सांगतो, ती मदत करणाऱ्याला कळली नाही तर काय होते? उदाहरणे चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुका व लगतचा गडचिरोली जिल्हा येथील आहेत. या परिसरात झाडीबोली घरोघर बोलली जाते, गोंड व माडिया वस्त्यांत द्राविडी कुळातील गोंडी-माडिया चालते. दवाखान्यातील कागद मात्र प्रमाण मराठीत वा इंग्रजीत असतो.

5.2 विषय-विवेचन

मोहफुले आणि तेंदूपाने वेचण्यासाठी उन्हाळ्यात जंगलात जावेच लागते, आणि जंगलात वाघ आहे. समजा, एका स्त्रीचा पती वाघाच्या हल्ल्यात दगावला. काही महिन्यांनी ती सांगते, "जीव घाबरते, पोटात गोरा येते, कामात मन लागत नाही." ('गोरा' म्हणजे गोळा, झाडीबोलीत 'ळ'च्या जागी 'र' येतो.) नवखा कार्यकर्ता वहीत 'पोटाचा त्रास' असे लिहितो आणि गोळ्या देऊन तिची बोळवण होते. "तुम्हांला नैराश्य आहे का?" असे विचारले, तर ती "नाही" म्हणते. ती खोटे बोलत नाही. तो संस्कृत घडणीचा शब्द तिच्या घरात कधी आलेलाच नसतो. 'मानसिक' म्हटले तर तिला 'वेडी' असे ऐकू येते.

आता या वाक्यांची रचना पाहा. 'जीव घाबरते' यात कर्ता 'जीव' आहे, 'मी' नाही. उलट 'धसका घेतला', 'हाय खाल्ली' या प्रयोगांत माणूस कर्ता आहे आणि दुःख हे त्याने बाहेरून आत घेतलेले कर्म. म्हणजेच आजाराचे मूळ माणसाच्या दुबळेपणात नसून एखाद्या घटनेत आहे, हे गृहीतक क्रियापदातच दडलेले असते. म्हणून "धसका कशाचा घेतला?" या प्रश्नाला उत्तर मिळते; छापील प्रश्नावलीला बहुधा मिळत नाही.

हा अनुभव केवळ आपला नव्हे. अमेरिकेतील लॅटिनो समाजात स्पॅनिश भाषक रुग्ण 'नर्व्हिओस' आणि 'सुस्तो' हे शब्द वापरतात. सुस्तो म्हणजे भयंकर प्रसंगाने आत्मा शरीर सोडून जाणे व त्यामुळे आलेले आजारपण. आपल्या 'धसक्या'चा हा जवळचा नातलग म्हणता येईल. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 च्या निदानपुस्तिकेत हे दोन्ही शब्द मूळ रूपातच नोंदविले. 'धसका' मात्र अद्याप आपल्या शब्दकोशांतच आहे.

दुभाषाचा प्रश्न याहून नाजूक आहे. गोंडीभाषक विधवेसाठी तिचा दीर दुभाषा झाला, तर जमिनीची वा भरपाईच्या पैशाची धास्ती ती त्याच्यादेखत सांगणार नाही. तो मात्र "बाईला झोप येत नाही" एवढे भाषांतर प्रामाणिकपणे करील. भाषांतर अचूक, पण दुःख गाळलेले! अशा वेळी घराबाहेरील, शक्यतो स्त्री दुभाषी शोधावी. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 4 नुसार, उपचाराचा निर्णय घेण्यासाठी लागणारी माहिती व्यक्तीला समजेल अशा सोप्या भाषेत, खुणांच्या भाषेत वा चित्रांच्या साहाय्याने द्यावयाची असते. आठव्या अनुसूचीत नसलेल्या गोंडीलाही हे लागू आहे, हे कार्यकर्त्यांच्या ध्यानात क्वचितच असते.

भाषा केवळ शब्दांत नसते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये स्थापन केलेल्या 'सर्च' संस्थेच्या शोधग्राम येथील रुग्णालयाची रचना आदिवासींना विचारून, त्यांच्या वस्तीसारखी केली गेली आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले. आपल्या देवीच्या नावाचे दार ओलांडताना बोलण्याचा संकोच तेथेच काहीसा सैल होतो.

5.3 क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील वडीलधाऱ्या तीन व्यक्तींकडून भीती, शोक व काळजी सांगणारे वाक्प्रचार त्यांच्याच उच्चारात नोंदवा. प्रत्येक वाक्यातील कर्ता कोण ते लिहा. नोंदीत प्रमाण मराठी पर्याय घालू नका. तो नंतर, वेगळ्या रकान्यात लिहावा.