लघुउद्योजकाशी पहिला संवाद

नव्या ग्राहकाशी बँकेचा पहिला परिचय अनेकदा दूरध्वनीवरूनच होतो. मोठ्या कंपनीत बँकेशी बोलण्यासाठी स्वतंत्र लेखाधिकारी असतो. लहान उद्योगात मालक, हिशेबनीस आणि प्रसंगी कारागीरही एकच व्यक्ती असते. आपण बोलत असतो तेवढा वेळ तिचे काम थांबलेले असते. म्हणून पहिल्या दूरध्वनीचा हेतू कर्ज गळी उतरविणे हा नसून प्रत्यक्ष भेटीची अनुमती मिळविणे हा असावा.

इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाचे उदाहरण घेऊ. मागांच्या खडखडाटात त्याला व्याजदर ऐकू येणेही कठीण. आपले नाव, हुद्दा व शाखा सांगून लगेच विचारावे, "मालक, आता दोन मिनिटे बोलता येईल, की नंतर फोन करू?" फसवणुकीच्या वाढत्या प्रकारांमुळे अनोळखी आवाजाविषयी त्याला वाटणारा संशय रास्त आहे. "शाखेत फोन करून माझी खात्री करून घ्या," असे आपणच सुचवावे. ओटीपी वा कार्डाचा तपशील कदापि विचारू नये. असे दूरध्वनी नकोत, अशी नोंद ज्याने केली आहे, त्याला दूरध्वनी करूच नये.

दुसरी पायरी व्यवसाय जाणून घेण्याची. तो स्वतः सूत विकत घेऊन कापड विकतो, की व्यापाऱ्याचे सूत विणून देणारा 'खर्चीवाला' आहे? पहिल्याचे भांडवल सूत आणि कापडाच्या साठ्यात अडकते. दुसऱ्याला विणाईची मजुरी मिळते. ती लांबली, तरी कामगारांचा पगार आणि विजेचे बिल थांबत नाही. दोघांनाही एकच योजना वाचून दाखविली, तर दोघेही फोन ठेवतील.

तिसरी पायरी, काही मागण्यापूर्वी उपयुक्त माहिती देण्याची. जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी निःशुल्क आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांपलीकडे लांबविता येत नाही, अशी तरतूद २००६ च्या कायद्यात आहे. मजुरी अडकलेल्या खर्चीवाल्याला ही माहिती मोलाची वाटेल.

कर्जाचा विषय निघाल्यास पूर्ण सत्य सांगावे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत १० लाख रुपयांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळते. २०२४ पासून 'तरुण' गटातील कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी ही मर्यादा २० लाख झाली आहे. मात्र हे अनुदान नव्हे, आणि विनातारण म्हणजे विनाचौकशी नव्हे, हेही त्याच संभाषणात स्पष्ट करावे. पुढे अपेक्षाभंग होण्यापेक्षा आरंभीची स्पष्टता हितावह ठरते.

नकार मिळाल्यास आभार मानून थांबावे. "गुरुवारी चारला फोन करतो," असे म्हटले असल्यास गुरुवारी चारलाच करावा. बँकेच्या शब्दावर भरवसा बसला नाही, तर हाच उद्योजक चढ्या व्याजाच्या सावकारी पैशाकडे वळतो आणि महिन्याची मिळकत त्या व्याजातच जाते. आपल्या दोन मिनिटांच्या संभाषणाला म्हणूनच महत्त्व आहे.