चिंचोक्यांचे वाटे

पनवेलच्या बाजारात कातकरी बायका रानभाजी वाटे मांडून विकतात. म्हणून ‘वाटा’ म्हणजे काय, हे वाडीवरच्या चार-पाच वर्षांच्या मुलाला सांगावे लागत नाही. बालवाडीत शिकवायला जाणाऱ्या बंधुभगिनींनी प्रामाणिकपणाचा पाठ तेथूनच सुरू करावा.

पाच मुलांचे रिंगण करा. मध्ये 23 चिंचोके ठेवा. एका मुलाने पाच वाटे घालावेत. बाकीच्यांनी आधी निवडावे, वाटणाऱ्याने शेवटी उरेल तो घ्यावा. पहिल्या डावात वाटे लहानमोठे होतात. दोन-तीन डावांनंतर वाटणारा आपणच पुन्हा पुन्हा मोजू लागतो. सारखे वाटले की तीन चिंचोके उरतात. त्यांचे काय करायचे, ते मुलांनाच ठरवू द्या. थोडे भांडण झाले तरी ताईंनी लगेच मध्ये पडू नये. बक्षीस तर नकोच. त्यासाठी मूल खोटे मोजायला शिकते.

साहित्य विकत आणावे लागत नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत काम सुरू केले, तेव्हा आसपास मिळणाऱ्या वस्तूच साधने म्हणून वापरल्या.

मात्र ‘खोटे बोलू नये’ एवढ्यावर थांबू नका. यांतल्या कित्येक मुलांचे आईवडील उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, आणि हिशेब मालकाच्या वहीत असतो. तराजू व वजने खरी असावीत, अशी आज्ञा लेवीय 19:36 मध्ये आहे; पण ती खरी आहेत का, हे विचारायलाही कोणी शिकवावे लागते. म्हणून प्रत्येक डावात मुलांकडून म्हणवून घ्या, “माझा वाटा मोजून दाखव.” लाजरी मुले आधी कुजबुजतात. त्यांची पाळी पहिली लावा.