औषध क्षेत्रातील नवउद्योग आणि विक्री प्रतिनिधीची नोकरी : प्रस्ताव कसा पारखावा?

वाराणसी हे शहर तीर्थक्षेत्र म्हणून सर्वपरिचित आहे. परंतु भारतातील औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यापीठीय शिक्षणाचा पायाही याच शहरात घातला गेला, ही बाब तुलनेने कमी ठाऊक असते. १९३२ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रा. महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने या शिक्षणाचा आरंभ झाला. आज विश्वविद्यालयाचे सर सुंदरलाल रुग्णालय, कबीरचौरा येथील शासकीय रुग्णालय, टाटा स्मारक केंद्राची कर्करोग रुग्णालये आणि असंख्य खाजगी दवाखाने यांमुळे पूर्वांचलातील व लगतच्या बिहारमधील रुग्णांचा ओघ या शहराकडे असतो. सप्तसागर येथील औषधांची घाऊक बाजारपेठ या संपूर्ण टापूला माल पुरविते. साहजिकच नव्याने सुरू झालेल्या औषध कंपन्यांना येथे विक्री प्रतिनिधी हवे असतात आणि विज्ञान वा औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर, त्यात ब्रह्माघाट-दुर्गाघाट परिसरात पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य असलेल्या मराठी कुटुंबांतील तरुणही आले, अशा प्रस्तावांचा विचार करतात.

असा प्रस्ताव हाती आल्यावर बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : पगार किती? प्रत्यक्षात त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. ज्या महिन्यात माल विकला जाणार नाही, त्या महिन्याचा तोटा कोण सोसणार? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या आधारे अशा प्रस्तावाची छाननी कशी करता येईल, याचा विचार केला आहे.

नवउद्योगाला प्रतिनिधी का हवा असतो?

१९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला नव्हे, तर केवळ तो तयार करण्याच्या प्रक्रियेला पेटंट देण्याचे धोरण स्वीकारले. २००५ मध्ये उत्पादन पेटंट पुन्हा लागू होईपर्यंतच्या काळात भारतीय कंपन्यांनी एकच औषध आपापल्या नावाने बाजारात आणले आणि आज एकाच रेणूची अनेक व्यापारी नावे उपलब्ध आहेत. अशा बाजारपेठेत नव्या कंपनीचे औषध बहुधा नवे नसते. नवे असते ते नाव. ते नाव डॉक्टरांच्या लक्षात आणून देणे आणि दुकानात माल उपलब्ध आहे याची खात्री करणे, हे प्रतिनिधीचे काम होय. प्रस्थापित कंपनीचा प्रतिनिधी कंपनीच्या नावावर दार उघडतो, तर नवउद्योगाचा प्रतिनिधी स्वतःच्या ओळखीवर. त्यामुळे त्याचे संबंध हेच कंपनीचे आरंभीचे भांडवल ठरते आणि या भांडवलाचा मोबदला नेमणूकपत्रात उतरला आहे की नाही, हे पाहणे अगत्याचे असते.

या क्षेत्रात छोट्या आरंभातून मोठी झालेली उदाहरणे आहेत. सन फार्मा १९८३ मध्ये मानसोपचाराच्या केवळ पाच औषधांनिशी सुरू झाली. मॅनकाइंड फार्माचे संस्थापक रमेश जुनेजा हे स्वतः उत्तर प्रदेशात वैद्यकीय प्रतिनिधी म्हणून फिरलेले. त्यांनी १९९५ मध्ये ही कंपनी उभारली आणि २०२३ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. अशा कंपन्यांत आरंभी रुजू झालेल्यांना बढतीची संधी लवकर मिळू शकते, हे खरे. परंतु बंद पडलेल्या कंपन्यांची नावे कोणाच्या स्मरणात राहत नाहीत. म्हणून यशकथेपेक्षा कागदपत्रांचा आधार घेणे श्रेयस्कर.

पगाराची फोड

नवउद्योगांच्या प्रस्तावात बहुधा वार्षिक पॅकेजचा आकडा ठळक असतो. उदाहरणादाखल वार्षिक ३,६०,००० रुपये, म्हणजे दरमहा ३०,००० रुपयांचा प्रस्ताव घेऊ. त्यात निश्चित वेतन १५,००० रुपये, भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा १,८०० रुपये, प्रवास व दैनिक भत्ता ५,००० रुपये आणि टार्गेट पूर्ण झाल्यास इन्सेंटिव्ह ८,२०० रुपये अशी विभागणी आहे असे मानू. टार्गेट न गाठल्यास इन्सेंटिव्ह मिळत नाही. मालकाचा वाटा निधीत जमा होतो, तर कर्मचाऱ्याचा तेवढाच वाटा वेतनातून कापला जातो. इतर कपाती बाजूला ठेवल्या तरी हाती १३,२०० रुपये आणि प्रवास भत्ता एवढेच उरते.

आता प्रवासाकडे पाहू. वाराणसी मुख्यालय असलेल्या प्रतिनिधीकडे शहराखेरीज चंदौली, जौनपूर, गाझीपूर, मिर्झापूर, भदोही यांपैकी काही जिल्हे सोपविले जातात. महिन्यात १२ दिवस सरासरी १२० किलोमीटर आणि १३ दिवस शहरात ३० किलोमीटर मोटारसायकल चालविल्यास एकूण अंतर १,८३० किलोमीटर होते. लिटरमागे ४५ किलोमीटर आणि पेट्रोलचा दर १०० रुपये धरल्यास केवळ इंधनावर सुमारे ४,०७० रुपये खर्च होतात. उरलेल्या ९३० रुपयांत बाहेरगावचे जेवण, टायर आणि गाडीची दुरुस्ती बसवावी लागते. याचा अर्थ असा की प्रवास भत्ता हे उत्पन्न नसून खर्चाची भरपाई आहे आणि ती अपुरी असल्यास उर्वरित खर्च प्रतिनिधीच्या वेतनातून भागतो. म्हणून मुख्यालय, जवळचा दौरा आणि मुक्कामाचा दौरा यांचे स्वतंत्र दर लेखी मागावेत.

टार्गेटचे गणित

टार्गेट कागदावर रुपयांत दिलेले असते. त्याचे रूपांतर डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत केल्याशिवाय ते साध्य आहे की नाही हे कळत नाही. मासिक टार्गेट २,००,००० रुपये आणि स्टॉकिस्टला पडणारी एका पट्टीची सरासरी किंमत ७० रुपये असल्यास सुमारे २,८५७ पट्ट्या विकल्या जाणे आवश्यक आहे. एका चिठ्ठीवर सरासरी दोन पट्ट्या धरल्यास सुमारे १,४३० चिठ्ठ्या होतात. प्रतिनिधीच्या यादीत १०० डॉक्टर असतील, तर प्रत्येकाने महिन्यात सरासरी १४ वेळा या नव्या नावाची निवड केली पाहिजे. पहिल्या तिमाहीत हे शक्य आहे काय, हा प्रश्न मुलाखतीतच विचारावा. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर इन्सेंटिव्हची रक्कम हिशेबातून वगळूनच प्रस्तावाचा विचार करावा.

इन्सेंटिव्ह कोणत्या विक्रीवर मिळणार, हेही स्पष्ट असावे. कंपनीकडून स्टॉकिस्टकडे गेलेला माल ही प्राथमिक विक्री आणि स्टॉकिस्टकडून दुकानदाराकडे गेलेला माल ही दुय्यम विक्री होय. इन्सेंटिव्ह केवळ प्राथमिक विक्रीवर असेल, तर महिनाअखेरीस स्टॉकिस्टच्या गोदामात माल ढकलण्याचा मोह होतो. काही महिन्यांनी तोच माल मुदत संपून परत येतो आणि त्याची रक्कम प्रतिनिधीच्या खात्यावर मांडली जाण्याचा धोका असतो. परत आलेल्या मालाची जबाबदारी कोणाची, थकलेली उधारी कोणाकडून वसूल होणार, या दोन बाबी नेमणूकपत्रात असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

कायद्याचे संरक्षण

वैद्यकीय प्रतिनिधींच्या सेवाशर्तींसाठी १९७६ मध्ये विक्री संवर्धन कर्मचारी अधिनियम संमत झाला. विहित नमुन्यातील नेमणूकपत्र आणि कर्तव्यकाळाच्या एक अकरांश इतकी भरपगारी अर्जित रजा या त्यातील महत्त्वाच्या तरतुदी होत्या. हा अधिनियम किती आवश्यक होता, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ मधील अद्यंताया विरुद्ध सॅंडोज या खटल्यातून दिसून येते. वैद्यकीय प्रतिनिधी हा औद्योगिक विवाद अधिनियमातील मूळ व्याख्येनुसार कामगार ठरत नाही, असे घटनापीठाने म्हटले; त्यांना जे संरक्षण लाभले ते १९७६ च्या विशेष अधिनियमामुळे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि या अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली. औद्योगिक संबंध संहितेतील कामगाराच्या व्याख्येत विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा स्पष्ट समावेश आहे. वेतन संहितेनुसार राजीनामा वा बडतर्फीनंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतनाची थकबाकी चुकती करणे बंधनकारक आहे.

तथापि नवउद्योगाच्या बाबतीत दोन गोष्टींची दखल घ्यावी लागते. पहिली, कर्मचारीसंख्या. भविष्य निर्वाह निधीची सक्ती सामान्यतः २० वा अधिक आणि कर्मचारी राज्य विम्याची १० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना आहे. व्यावसायिक सुरक्षा संहितेतील आस्थापनेची व्याख्याही साधारणतः १० कामगारांपासून सुरू होते. आठ जणांच्या कंपनीत रुजू होणाऱ्याला यांपैकी पुष्कळसे लाभ कराराने मागून घ्यावे लागतील आणि आरोग्य विम्याचा खर्च स्वतःच्या अंदाजपत्रकात धरावा लागेल. दुसरी गोष्ट पदनामाची. एकट्याने फिरणाऱ्या प्रतिनिधीला एरिया मॅनेजर असे पदनाम देण्याची पद्धत आढळते. व्यवस्थापकीय स्वरूपाचे काम करणारी व्यक्ती कामगाराच्या व्याख्येबाहेर जाते. वाद झाल्यास न्यायालय नावापेक्षा कामाचे स्वरूप पाहते, हे खरे असले तरी तो वाद टाळण्यासाठी कर्तव्यांची यादी लेखी असावी.

अनामत रक्कम, कोरे धनादेश अथवा मूळ प्रमाणपत्रे मागणारा प्रस्ताव नाकारणे इष्ट. नोकरी सोडल्यानंतर अन्य औषध कंपनीत काम करण्यास मज्जाव करणारी अट १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम २७ नुसार सामान्यतः निरर्थक ठरते; परंतु नोटिशीचा कालावधी पाळावा लागतो.

कंपनीची पडताळणी

नवउद्योग म्हणून उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाची मान्यता असणे ही जमेची बाजू असली, तरी ती वेतनाची हमी नव्हे. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची स्थापना, भरणा झालेले भांडवल, संचालक आणि ताळेबंद सादर केल्याची तारीख पाहता येते. प्रतिनिधीवरील मासिक खर्च आणि अपेक्षित विक्री यांची तुलना करून विक्री निम्म्यावर राहिल्यास कंपनी किती महिने वेतन देऊ शकेल, असे विचारण्यात गैर काही नाही.

बहुतेक नव्या कंपन्या स्वतः औषध बनवीत नाहीत. दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेऊन आपल्या नावाने विकतात. १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार अशा विपणन करणाऱ्या कंपनीवरही औषधाच्या गुणवत्तेची जबाबदारी आहे. त्यामुळे उत्पादकाचे नाव, त्याचा परवाना आणि डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एमची पूर्तता यांविषयी विचारणा करावी. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला अप्रमाणित औषधांची यादी प्रसिद्ध करते. तीत या उत्पादकाचे नाव वारंवार येते का, हे तपासावे. औषध निकृष्ट निघाल्यास कंपनी नाव बदलू शकते. डॉक्टरांसमोर उभ्या राहणाऱ्या प्रतिनिधीला मात्र आपला चेहरा बदलता येत नाही.

परवाना वा बिले कर्मचाऱ्याच्या नावावर काढण्याची सूचना आल्यास तेथेच थांबावे. २०२५ च्या अखेरीस कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाच्या अवैध व्यापाराच्या तपासात वाराणसीतील अनेक घाऊक विक्रेत्यांवर गुन्हे दाखल झाले. घाऊक विक्रीचा परवाना ज्याच्या नावावर, मालाचा हिशेब देण्याचे उत्तरदायित्वही त्याचेच असते.

नीतिमत्ता हा नोकरीचाच भाग

१२ मार्च २०२४ रोजी औषधनिर्माण विभागाने औषध विपणनाची एकसमान आचारसंहिता जाहीर केली. डॉक्टरांना भेटवस्तू वा प्रवासखर्च देण्यास तिने मनाई केली आहे. मोफत नमुन्यांचे मूल्य कंपनीच्या वार्षिक देशांतर्गत विक्रीच्या दोन टक्क्यांपलीकडे जाऊ नये आणि भेटीसाठी प्रतिनिधीने कोणत्याही स्वरूपात पैसे देऊ नयेत, असेही तीत नमूद आहे. तत्पूर्वी फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च प्राप्तिकरातून वजा करता येणार नाही, असा निर्णय दिला. ज्या कंपनीचे टार्गेट भेटवस्तूंशिवाय पूर्ण होणे शक्य नाही, ती कंपनी कायदेभंगाची जोखीमही प्रतिनिधीच्याच पदरात टाकीत असते. मुलाखतीत "डॉक्टरांसाठी काय योजना आहे?" या प्रश्नाला औषधविषयक माहिती, प्रशिक्षण आणि वैज्ञानिक साहित्य असे उत्तर येते की अन्य काही, यावरून बरेच काही उमगते.

निर्णयाची कसोटी

उपरोक्त विवेचनावरून एक व्यवहार्य कसोटी मांडता येईल. इन्सेंटिव्ह शून्य मानून निश्चित वेतनातून स्वतःच्या वाट्याची कपात आणि प्रवासातील तूट वजा करावी; उरलेल्या रकमेत घरखर्च भागतो का, ते पाहावे. वरील उदाहरणातील उमेदवार आई-वडिलांच्या घरी राहत असेल, तर १३,२०० रुपयांत वर्षभर शिकण्याची संधी म्हणून तो हा प्रस्ताव स्वीकारू शकेल. घरभाडे, मुलांचे शिक्षण आणि कर्जाचा हप्ता ज्याच्या शिरावर आहे, त्याच्यासाठी तोच प्रस्ताव धोक्याचा ठरेल. अशा उमेदवाराने पहिले सहा महिने टार्गेटविरहित निश्चित वेतन मागावे आणि ते मिळत नसल्यास प्रस्थापित कंपनीतील कमी आकर्षक पॅकेज पत्करावे. प्रस्ताव एकच असला तरी निर्णय भिन्न असू शकतो, तो यामुळेच.

वाराणसीसंबंधी जे येथे मांडले, ते नागपूर, नांदेड वा कोल्हापूर येथील उमेदवारालाही लागू पडते. नवउद्योगांची वाढ ही रोजगारनिर्मितीच्या दृष्टीने स्वागतार्ह आहे. मात्र बाजारपेठ उभी करण्याचा धोका उद्योजक, भांडवल पुरविणारा आणि प्रतिनिधी यांच्यात न्याय्य रीतीने विभागला गेला तरच हा रोजगार टिकाऊ ठरेल. त्या विभागणीचा पहिला दस्तऐवज म्हणजे नेमणूकपत्र होय; ते सही करण्यापूर्वी घरी नेऊन शांतपणे वाचण्यास दोन दिवसांची मुदत मागणे हा उमेदवाराचा रास्त अधिकार आहे आणि ती मुदत देण्यास कंपनी तयार आहे की नाही, यावरूनही तिच्याविषयी पुरेसा अंदाज बांधता येतो.